शनिवार-रविवारचे नाशिक: गोदाकाठ पायी कसा पाहावा

दोन दिवसांसाठी नाशिकला येणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा ठरलेली असते: त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वणी, एखादी वायनरी, आणि जाता जाता 'रामकुंड करून घेऊ'. यादी पुरी होते, पण निम्मा वेळ गाडीत जातो आणि उरलेल्यातला बराचसा रांगेत. ज्या नदीमुळे हे गाव उभे राहिले तिच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि तोही पार्किंग शोधण्यात संपतो.

आमचा सल्ला सरळ आहे. एका शनिवार-रविवारात फक्त गाव पाहा. त्र्यंबकेश्वर ३० किलोमीटरच्या आतच आहे, पण शनिवार-रविवारच्या दर्शनाची रांग अर्धा दिवस सहज खाते. त्यासाठी मधल्या वारी वेगळे या.

आधी गावाची रचना

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणातून पुढे नाशकात शिरते आणि पूर्वेकडे वाहता वाहता रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. डाव्या काठाला पंचवटी आहे, म्हणजे देवळे, धर्मशाळा आणि पूजासाहित्याची दुकाने. उजव्या काठाला जुने नाशिक आहे, म्हणजे वाडे, सराफ बाजार, भांडी बाजार, आळ्या आणि बोळ. मध्ये तीन पूल लक्षात ठेवा. वरच्या अंगाला अहिल्याबाई होळकर पूल (जुन्या लोकांच्या तोंडी अजून व्हिक्टोरिया पूल), मधला बुटका रामसेतू आणि खालच्या अंगाला गाडगे महाराज पूल. हे तीन पूल कळले की नकाशा उघडावा लागत नाही. रिक्षावाल्याला 'गंगेवर' म्हटले तरी तो बरोबर रामकुंडाच्या तोंडाशी सोडतो. स्थानिकांसाठी गोदावरी ही गंगाच.

या सगळ्या भागात गाडी अडचणीचीच ठरते. बोळ अरुंद आहेत, एकेरी वाहतूक आहे, आणि पायी दहा मिनिटांचे अंतर गाडीने पाऊण तासाचे होते.

कधी यावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे. पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, त्यामुळे घाटावर स्वेटर लागतोच. जानेवारीपासून द्राक्षेही येऊ लागतात. एप्रिल-मे मध्ये दुपारी अकरा ते चार बाहेर पडण्यात अर्थ नाही, कारण काळ्या दगडी फरशीवर अनवाणी पाय ठरत नाही.

जुलै ते सप्टेंबर नदी पाहायला सुंदर, पण घाट हाताशी असेलच असे नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पटांगणे पाण्याखाली जातात. नाशिककर पुराचा अंदाज क्युसेकच्या आकड्यांवरून घेत नाहीत, दुतोंड्या मारुतीवरून घेतात. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रातच उभी असलेली ही दोन तोंडांची मूर्ती गावाची पूरपट्टी आहे: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि मारुती बुडाला. पाणी कमरेपर्यंत असल्याचे कळले तर घाटाचा बेत रद्द करून वाडे आणि लेणी पाहा. पावसाळ्यात गौरी पटांगणावर गाडी लावून जेवायला जाऊ नका. वर ऊन असले तरी धरणाकडून पाणी येते, आणि पटांगणावरच्या गाड्या पाण्यात सापडल्याच्या बातम्या पावसाळ्यात हमखास येतात.

सणांपैकी दोन दिवस नाशकातच पाहण्यासारखे आहेत. रंगपंचमीला शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा अशा ठिकाणी पेशवेकालीन रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद, एरवी मातीखाली बंद असलेला. तो उकरून रंगीत पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पकन उड्या मारतात. जुने कपडे घाला, फोन खोलीवर ठेवा. दुसरा दिवस रामनवमीनंतरच्या एकादशीचा, त्या दिवशी काळारामाचा रथोत्सव असतो. दोन्ही वेळी खोली आधीच ठरवावी लागते.

सिंहस्थाचा, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याचा, हिशेब वेगळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि नाशकातली अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला जाहीर झाली आहेत. त्या तारखांच्या आसपास सहल म्हणून येऊ नका. त्याआधीही रस्ते, घाट आणि रामकुंड ते सीतागुंफा पट्ट्यातल्या 'रामकाल पथ' प्रकल्पाच्या कामांमुळे खोदाई, पत्रे आणि वळवलेली वाहतूक गृहीत धरा.

पोहोचणे

मुंबईहून सकाळची गाडी सर्वांत सोयीची. सव्वासहाच्या सुमारास सुटणारी तपोवन एक्स्प्रेस किंवा त्याच वेळेची शिर्डी वंदे भारत घेतली की दहाच्या आत नाशिकरोड येते. तिकीट मिळाले नाही तर लोकलने कसारा आणि तिथून नाशिकच्या शेअर टॅक्सी हा जुना मार्ग आजही चालतो. परतीला संध्याकाळच्या गाडीचे आरक्षण मात्र येण्याच्या तिकिटाबरोबरच काढा. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी भरलेली असते.

रेल्वे स्थानक गावात नाही. नाशिकरोडहून पंचवटी सुमारे १० किलोमीटर आहे. स्थानकाबाहेरून सिटीलिंकची बस मिळते, आणि शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) किंवा पंचवटीतल्या निमाणीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाही. स्पेशल रिक्षा मीटरवर येईल अशी अपेक्षा नको, बसण्याआधी भाडे ठरवा. वाटेतल्या द्वारका चौकात कोंडी ठरलेली आहे. परतीच्या गाडीसाठी पंचवटीतून किमान सव्वा तास आधी निघा.

पुण्याहून रस्ता सुमारे २१० किलोमीटरचा, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर मार्गे. पाच तास धरा, शुक्रवारी संध्याकाळी सहा. मुंबईहून मोटारीने येणाऱ्यांना जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी समृद्धी महामार्ग खुला आहे. कसारा घाट टळतो, भिवंडी बायपासची कोंडी टळत नाही. पहाटे साडेपाचला ठाणे सोडलेला माणूस नाश्त्याला नाशकात असतो, साडेसातला सोडलेला माणूस दुपारच्या जेवणाला.

मुक्काम

गंगापूर रोड, कॉलेज रोडवरची हॉटेले प्रशस्त आहेत, पण पहाटे घाटावर जायला रिक्षा शोधत बसावे लागते. म्हणून खोली रविवार कारंजा किंवा पंचवटी कारंजाच्या परिसरात घ्या, घाट दहा-पंधरा मिनिटांवर राहतो. पंचवटीत भक्तनिवास आणि धर्मशाळा स्वस्त आहेत. तिथे तीन गोष्टी आधी विचारा: गरम पाणी किती वाजता येते, रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो, आणि गाडी लावायला आवार आहे का. रस्त्याच्या बाजूची खोली नको. पहाटे चारपासून यात्रेकरूंच्या बसगाड्या येतात आणि क्लीनर लोकांना शांतता पाळायची सवय नसते.

शनिवार: उजवा काठ, मग घाट

सामान टाकून, जेवून, तासभर पडून दुपारी साडेतीनला बाहेर पडा. पहिले ठिकाण सराफ बाजारातला सरकारवाडा, कारण तो संध्याकाळी लवकर बंद होतो. पेशवेकालीन कचेरीची ही इमारत रस्त्यापासून उंच जोत्यावर उभी आहे. काळ्या दगडाचे भक्कम तोंड आणि आत सागवानी खांबांचे चौक. आत गेल्यावर खांबाच्या तळाचा दगड, त्यावरचा निमुळता होत जाणारा सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब आणि वरच्या हस्तावरचे (तुळईला आधार देणाऱ्या लाकडावरचे) कोरीवकाम एकदा नीट पाहून घ्या. नंतर बोळांतून हिंडताना पडक्या वाड्यांतही तेच अवयव ओळखू येतात.

तिथून मेन रोड, दहीपूल, तिवंधा, तिळभांडेश्वर गल्ली असे वाट चुकत फिरा. हा भाग वाट चुकण्यासाठीच आहे, उतार धरला की नदी सापडतेच. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारक संघटनेचे स्मारक आहे. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद नाट्यगृहही याच जुन्या गावातले. बहुतेक वाड्यांत आजही लोक राहतात. दिंडी दरवाजा उघडा दिसला तरी हाक मारून, विचारून आत जा. पावसाळ्यात जुन्या मातीच्या भिंतींच्या कडेने चालू नका आणि फोटोसाठी लटकत्या सज्जाखाली थांबू नका, वाड्याचा भाग कोसळल्याच्या घटना दर पावसाळ्यात होतात. हीच गोष्ट नदीकाठच्या गढ्यांची, म्हणजे मातीच्या उंच टेकाडांची. जुन्या गढीत १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या पथकाने उत्खनन केले, तिथल्या थरांत इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. गढी खालून, लांबून पाहावी. कडा ठिसूळ आहे.

भांडी बाजारात आल्याचे कानांनाच कळते. तांब्या-पितळेची भांडी ही नाशिकची जुनी ओळख. घंगाळ, बंब, तांब्या, पिंप, समई, सगळे वजनावर मिळते. घ्यायचे असेल तर किलोचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारा, एकत्र किंमत ऐकून घासाघीस करण्यात हाती काही लागत नाही. हाताने मठारलेल्या भांड्यावरचे ठोके दाट असतात, पण अगदी एकसारखे नसतात. भांडे उजेडात तिरके धरून फिरवा. साच्यातल्या भांड्यावर सगळे खळगे एका मापाचे दिसतात. पाण्याचे भांडे घेताना आत बोट फिरवून सांधा तपासा आणि दुकानातच पाणी भरून पाच मिनिटे ठेवायला सांगा. स्वयंपाकाला पितळ घेत असाल तर कल्हई करूनच घ्या, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात.

सूर्यास्ताच्या तासभर आधी होळकर पुलाकडे चला. पुलाजवळच सुंदरनारायणाचे देऊळ आहे, १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. पुरातत्त्व खात्याने अलीकडे त्याचे दगड उतरवून जीर्णोद्धाराचे मोठे काम हाती घेतले. मग पायऱ्या उतरून पात्राच्या कडेने खाली या.

घाटावर संध्याकाळी गोदावरीची आरती होते. वेळ सूर्यास्ताबरोबर सरकते, म्हणून अर्धा तास आधी पायऱ्यांवर बसा. कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, घसरून पडण्याचे प्रकार इथेच जास्त. पायाची बोटे कोरड्या दगडावर टेकलेली हवीत. आचमनापुरते पाणी घेणे ही श्रद्धा, पण ते पिऊ नका आणि लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. नदीत सांडपाणी मिसळते, हे नाशिककर कोर्टापर्यंत भांडून थकले आहेत. सिंहस्थाच्या कामांत पात्रात ओतलेल्या काँक्रीटखाली जुनी कुंडे गाडली गेली, तेही तसेच एक भांडण.

वहीतले पूर्वज

नाशिकची ही गोष्ट बहुतेक पर्यटकांना माहीतच नसते. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. कुणाचे पणजोबा अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण होते, खाली सही किंवा अंगठा. तुमच्या घरचे कुणी कधी नाशिकला आले असेल तर ही नोंद सापडण्याची चांगली शक्यता आहे. येण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून चार गोष्टी लिहून घ्या: आडनाव (बदलले असेल तर जुने), मूळ गाव आणि त्याचा जुना तालुका, आजोबा-पणजोबांची पूर्ण नावे, आणि घरातल्या कुणाचे विधी इथे झाले असतील तर अंदाजे साल. रामकुंडावर कोणत्याही गुरुजींना 'अमुक गावाचे उपाध्ये कोण?' असे विचारा, गावे वाटून घेतलेली आहेत. नोंद आडनावावर नाही, गावावर लागते. आज राहता ते शहर सांगितले तर काहीच सापडणार नाही. वही निघाली की आपलीही नोंद करायला सांगतात, ती जरूर करा. दक्षिणा आधी मोकळेपणाने विचारून घ्यावी. गुरुजी पहाटे ते दुपार विधींत असतात, या कामाला शनिवारची संध्याकाळ बरी.

रविवार: पहाटे घाट, मग पंचवटी

सहाला रामकुंडावर हजर राहा. आठनंतर बसगाड्यांची गर्दी उतरते आणि घाटाचा बाजार होतो. या वेळी स्नान करणारे, मुंडण करून दशक्रियेला बसलेली कुटुंबे आणि अस्थिविसर्जनाला आलेली माणसे शेजारी शेजारी असतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, मागूनही नाही. रामकुंडावरच एक गोदावरीचे मंदिर आहे, ते सिंहस्थातच उघडते. एरवी बंद दाराला नमस्कार.

समोरच्या पायऱ्या चढून कपालेश्वर. या शिवमंदिरासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीनेच शंकराला दाखवला, म्हणून तो इथे गुरूस्थानी, अशी कथा सांगतात. पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच हात जोडावेत. खाली घाटाच्या कडेला नारोशंकराचे म्हणजे रामेश्वराचे देऊळ आहे, १७४७ सालचे. त्याच्या दर्शनी भागात टांगलेली घंटा मराठ्यांच्या वसईवरच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आली. पाणी त्या घंटेला लागले म्हणजे महापूर, असे गावात म्हणतात. घंटेखाली उभे राहून नदीकडे पाहिले की त्या बोलण्यातली उंची कळते.

मग गल्ल्यांतून वर काळारामाकडे. आठच्या आत पोहोचलात तर ओवऱ्या मोकळ्या मिळतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले हे देऊळ संपूर्ण काळ्या दगडाचे आहे. आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला. सकाळचे तिरके ऊन शिखरावर पडते तेव्हा दगडातली घडण उठून दिसते, दहानंतर सगळे एकसारखे काळे. पूर्वेच्या महाद्वारापाशी दोन मिनिटे थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यातले प्रमुख कार्यकर्ते होते. लढा पाच वर्षांच्या आसपास चालला. गाईड बहुधा रामायणावर थांबतात, हे आपण होऊन विचारावे लागते.

सीतागुंफा पुढे चार-पाच मिनिटांवर. वाट इतकी बुटकी आणि अरुंद आहे की बसून, वाकून सरकावे लागते, आणि एकदा आत शिरल्यावर मागे फिरता येत नाही. दमा, बंद जागेची भीती किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरचे वड पाहून समाधान मानावे. रविवारी नऊनंतर इथली रांग तासावर जाते. ती तेवढी मोलाची नाही.

आता मिसळ. रस्सा, पापड, दही, कांदा, लिंबू, पाव असे ताट येते. पंचवटी कारंजावरच्या अंबिकाचा काळा रस्सा जहाल आहे. गावाबाहेर साधनाला चुलीवरच्या मिसळीसाठी गर्दी उसळते, रविवारी दहानंतर नंबर लावून उभे राहावे लागते. आधी मोडाची मटकी कोरडी चाखा, मग रस्सा थोडा थोडा ओता. सगळा एकदम ओतला की फरसाण लगदा होते आणि दोष मिसळीला लागतो. उपवास असेल तर सायंताराचा साबुदाणा वडा.

पांडवलेणी

गावापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत. तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढले तर २०. पायऱ्या चढायला वीस मिनिटे पुरतात. वर खाण्यापिण्याची सोय धरू नका, माणशी लिटरभर पाणी खालूनच घ्या. हिवाळ्यात मिसळीनंतर लगेच जा. उन्हाळ्यात, किंवा मोटारीने मुंबईला परतणार असाल, तर हे दुपारी साडेतीनला ठेवा, वाटेवरच आहे.

सगळी लेणी सारख्याच वेळात उरकू नका. तीन नीट पाहा. क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान करणारा लेख कोरवला आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असा तो राजा. क्रमांक १० मध्ये त्याच्या शत्रूचा, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात बोलतो. भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींत, म्हणजे व्यवसाय-संघांत, ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुदत ठेवीची पावतीच, फक्त दगडात. क्रमांक १८ हा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह. आत उजेड कमी असतो, अक्षरांवर मोबाइलचा उजेड समोरून न टाकता बाजूने टाका, तरच खोदलेल्या रेघा वाचता येतात. अक्षरांना हात लावू नका आणि लेखांवर पाणी उडवणाऱ्यांना टोका.

वेळ उरला तर तपोवनाऐवजी टाकळीला जा. गोदावरी आणि नासर्डी (नंदिनी) यांच्या संगमाजवळ समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले असे मानतात, आणि त्यांचा गोमय मारुती तिथे आहे. सकाळी पंचवटीत हरवलेली शांतता इथे बरीचशी परत मिळते.

घरी नेण्यासाठी कोंडाजीचा चिवडा घ्या, टिकतो. द्राक्षे हंगामात रस्त्यावरच्या गाड्यांवरून घेताना पेटीच्या तळाचा घड उचलून पाहा. देठ हिरवे असतील तर ताजी, तपकिरी आणि ठिसूळ असतील तर शीतगृहातून आलेली. पेटी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, कसाऱ्यापर्यंत मणी गळतात.